माणसं मिळतील का?

फेब्रुवारी १९९८ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन समूहातल्या एरिक्सन रेडिओ या कंपनीने समूहाच्याच प्रयोगशाळेत जन्मलेल्या एका भाषेवर बंदी घातली. भाषेचं नाव एर्लांग. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हिर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती घडवायला घेतली होती. एकाच वेळी हजारो कॉल चालावेत, त्यातला एखादा कोसळला तरी बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू नये, यंत्र चालू असतानाच त्यातला कोड बदलता यावा, या गरजांभोवतीच तिची रचना झाली. एएक्सडी ३०१ या एरिक्सनच्या मोठ्या स्विचमध्ये एर्लांगच्या दहा लाखांहून जास्त ओळी होत्या. भाषा कामाला कमी पडत होती, अशी तक्रार नव्हती. तरीही नव्या उत्पादनांत ती वापरायची नाही, असं ठरलं.

ठरवणाऱ्यांचं म्हणणं विचारपूर्वक होतं. भाषा निवडणं म्हणजे प्रोसेसर निवडण्यापेक्षाही दीर्घकाळचं बंधन. उत्पादनं वीस-वीस वर्षं चालतात. फक्त आपल्याच घरातली भाषा घेतली, तर तिची साधनं, तिची दुरुस्ती, तिचं प्रशिक्षण हे सगळं कायम आपल्याच खर्चाने करावं लागतं, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषांत जी सुधारणा होते तिचा फायदा मिळत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एर्लांग सर्वांसाठी मोफत खुली झाली आणि ती घडवणाऱ्या गटातली बहुतेक मंडळी राजीनामे देऊन बाहेर पडली. त्यांनी ब्लूटेल नावाची कंपनी काढली. २००० साली अल्टिऑन वेबसिस्टिम्सने ती १५ कोटी २० लाख डॉलरला विकत घेतली. आर्मस्ट्राँग २००४ मध्ये पुन्हा एरिक्सनमध्ये रुजू झाले.

या गोष्टीचा दुसरा अंक अमेरिकेत घडला. २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सॲपने निरोपांची ने-आण करण्यासाठी इजॅबरडी हा तयार सर्व्हर घेतला. तो एर्लांगमध्ये लिहिलेला होता, म्हणून एर्लांग आली. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक ती वापरत होते आणि इंजिनिअर होते ३२. हे सगळं श्रेय भाषेला देणं चुकीचं ठरेल. सुविधा मोजक्याच ठेवायच्या, जाहिराती घ्यायच्या नाहीत, या निर्णयांचाही त्यात मोठा वाटा होता. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. सर्व्हरची क्षमता वाढवत नेण्याचं काम ज्यांच्या नावाशी जोडलं गेलं ते रिक रीड याहूतून आले होते, आणि एर्लांग ते व्हॉट्सॲपमध्ये आल्यावर शिकले. कंपनीला एर्लांग येणारा माणूस सापडला नव्हता. तिला चांगला इंजिनिअर सापडला आणि त्याला भाषा आली.

कमी वापरातली प्रोग्रामिंग भाषा घ्यायचा विषय कुठल्याही कंपनीच्या बैठकीत निघाला, की पहिला प्रश्न येतो तो ‘माणसं मिळतील का?’ हा. एचआरची व्यक्ती नोकरीच्या संकेतस्थळावर शोध घेऊन दाखवते: जावाची माणसं पानंच्या पानं, हॅस्केल किंवा एलिक्सिरची मूठभर, तीही दुसऱ्या शहरात आणि जास्त पगार मागणारी. त्यात आपल्याकडचा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. ऑफर लेटर घेऊन तीन महिने थांबायचं आणि शेवटच्या आठवड्यात उमेदवाराने दुसरीकडे जायचं, हे ज्याने दोनदा भोगलंय तो दुर्मिळ भाषेचं नाव काढणाऱ्याकडे संशयानेच बघणार. या भीतीला मी हसणार नाही. ट्रॅक्टर घेणारा शेतकरीसुद्धा आधी तालुक्याला त्याचा मेकॅनिक आहे का ते विचारतो, आणि ते शहाणपणाचंच असतं.

तरीही हा प्रश्न ज्या पद्धतीने मांडला जातो, त्यात हिशेबाची मोठी चूक आहे असं मला वाटतं. बाजारात एखाद्या भाषेचे किती लोक आहेत, ही संख्या मोजणं सोपं आहे, म्हणून ती मोजली जाते. कंपनीला मात्र सगळा बाजार नोकरीला ठेवायचा नसतो. आठ जणांच्या टीमला वर्षात दोन माणसं लागतात. शिवाय नव्या माणसाचा वेळ खरा कशात जातो ते पाहा. विमा कंपनीच्या दाव्यांचे नियम, बँकेच्या रात्रीच्या हिशेबाचा क्रम, पंधरा वर्षांत साचलेला कोड, तो तसा का लिहिला हे सांगणारा माणूस कुठल्या मजल्यावर बसतो, हे सगळं समजायला सहा महिने लागतात, आणि दहा वर्षं जावा लिहिलेल्यालाही तेवढेच लागतात. नवी भाषा शिकायला अनुभवी प्रोग्रामरला काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. हे दोन्ही काळ बरेचसे एकमेकांत मिसळलेले असतात, कारण माणूस भाषा शिकतो तीच मुळी कंपनीचा कोड वाचत. म्हणजे जो खर्च भाषेच्या नावावर मांडला जातो, त्यातला मोठा भाग कुठल्याही भाषेत करावाच लागला असता.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: येणारी माणसं उपलब्ध असणं आणि भाषा शिकवता येणं. गूगलचं उदाहरण या बाबतीत फार स्पष्ट आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी गो ही भाषा जाहीर केली. तिचे एक निर्माते रॉब पाइक यांनी पुढे उघडपणे सांगितलं की ती डोळ्यांसमोर तरुण प्रोग्रामर ठेवून केली आहे: नुकतंच कॉलेज संपवून आलेले, थोडं जावा, थोडं सी किंवा पायथन शिकलेले, ज्यांना लवकर कामाला लावायचं आहे असे. म्हणजे भरतीचा विचार तिच्या पायातच होता. आणि तरी जाहीर झाली त्या दिवशी गूगलबाहेर ती येणारं कोणीही नव्हतं. ‘येणारी माणसं किती’ या निकषावर गोला शून्य गुण मिळाले असते. भरतीच्या दृष्टीने गूगलने पाहिलं ते इतकंच, की ही भाषा लहान आहे, चटकन शिकता येते, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं.

वाचता येण्याचा मुद्दा न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीट या व्यापारी कंपनीने सगळ्यात गांभीर्याने घेतला. शेअर आणि रोख्यांच्या झटपट व्यवहारात चुकीचा कोड काही मिनिटांत कंपनी बुडवू शकतो. तिथे यारोन मिन्स्की यांच्या पुढाकाराने ओकॅमल ही फ्रान्समध्ये, संशोधनाच्या वर्तुळात वाढलेली भाषा आली. महत्त्वाचा कोड दुसऱ्याने वाचून तपासल्याशिवाय वापरायचा नाही, अशी तिथली शिस्त, आणि वाचणाऱ्यांत कंपनीचे भागीदारही असत. थोडक्यात लिहिता येईल, चुकीची मांडणी कंपायलरच अडवेल, अशी भाषा त्यांना हवी होती. माणसं मिळण्याबद्दल मिन्स्की यांचा अनुभव उलटाच होता: ओकॅमल येणारे थोडे होते, पण जे अर्ज करत त्यातले चांगले निघण्याचं प्रमाण जास्त होतं. पुढे कंपनी वाढली तसं त्यांनी फक्त येणाऱ्यांवर अवलंबून राहणं सोडलं. आता नवे इंजिनिअर भाषा तिथे येऊन शिकतात, आणि सौदे करणारे ट्रेडरही शिकतात.

जेन स्ट्रीटला किंमत मोजावी लागली नाही असं नाही. ती मोजावी लागली भलत्याच ठिकाणी. जावाच्या प्रोग्रामरला हाताशी तयार मिळणाऱ्या शेकडो गोष्टी ओकॅमलमध्ये नव्हत्या. त्यांनी कोअर नावाची स्वतःची लायब्ररी लिहिली, ड्यून या आज बहुतेक ओकॅमलवाले वापरतात त्या बिल्ड साधनाची सुरुवातही त्यांच्याकडेच झाली. वर्षानुवर्षं पगारी माणसं लावून भाषेभोवतीचं सगळं सामान घडवणं, हा त्या निवडीचा खरा खर्च होता. एरिक्सन रेडिओला १९९८ मध्ये भीती होती ती याच खर्चाची, आणि ती भीती बरोबर होती. जेन स्ट्रीटकडे तो खर्च परवडेल इतका नफा होता. दहा माणसांच्या कंपनीकडे तो नसतो. तिने दुर्मिळ भाषा घ्यायची असेल तर भरतीआधी हा प्रश्न विचारायला हवा: डेटाबेसशी बोलायला, पैसे भरायच्या सेवांना जोडायला, चुका शोधायला लागणारं सामान तयार आहे का? २००५ मध्ये रेडिट ही चर्चेची वेबसाइट पहिल्यांदा लिस्प या दुर्मिळ भाषेत लिहिली गेली आणि त्याच वर्षाअखेरीस पायथनमध्ये उतरवली गेली. त्या बदलामागेही तयार लायब्ररींची उणीव होती.

म्हणूनच क्लोजरची वाट मला शहाणी वाटते. ती लिस्पच्या कुळातली, २००७ मध्ये रिच हिकी यांनी पुढे आणलेली, पण चालते जावाच्याच यंत्रावर. भाषा दुर्मिळ, पण जावाचं सगळं सामान तिला उघडं. ब्राझीलच्या न्यूबँकने २०१३ पासून आपली बँक तिच्यावर उभी केली, भाषा न येणाऱ्यांना घेऊन शिकवलं, आणि २०२० मध्ये हिकी ज्या कंपनीत होते ती कॉग्निटेक्टच विकत घेतली. पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्टनेही मोबाइल ॲपमधल्या ग्राहकसेवेचं काम मोठ्या प्रमाणावर क्लोजरमध्ये केलं. २०२२ मध्ये कीवर्ड्‌स स्टुडिओजने ती कंपनी घेतली. बंगळुरूच्या जसपेमध्ये पैशाच्या व्यवहारांसाठी हॅस्केल वापरली जाते, आणि ‘नम्म यात्री’ या तिथल्या रिक्षाच्या ॲपचा हॅस्केलमधला कोड कोणालाही वाचायला खुला आहे. ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ही नावं लक्षात ठेवावीत.

दुर्मिळ भाषेच्या बाजूने जो युक्तिवाद नेहमी केला जातो, तो मात्र मला अर्धाच पटतो. प्रोग्रामर आणि निबंधकार पॉल ग्रॅहम यांनी २००४ मध्ये मांडलं की नोकरीसाठी जिचा उपयोग नाही अशी भाषा जो आवडीने शिकतो, तो बहुधा चांगला प्रोग्रामर असतो. म्हणून अशा भाषेत काम करणाऱ्या कंपनीला चांगली माणसं मिळतात. त्यांनी उदाहरण दिलं पायथनचं. आज पायथन शाळेतही शिकवतात, म्हणजे ती चाळणी केव्हाच फाटली. पण मला खटकतं ते दुसरं काही. ही चाळणी हुशारीबरोबर सवडही गाळून घेते. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, घरात इंटरनेट आहे, इंग्रजी पुस्तकं सहज वाचता येतात आणि सुट्टीत कमवावं लागत नाही, तो ओकॅमल आवडीने शिकू शकतो. जालन्याच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजातली मुलगी तितकीच तल्लख असेल, पण तिने त्या भाषेचं नावही ऐकलेलं नसतं. आवडीने शिकून आलेलेच घ्यायचे, असं ठरवणारी कंपनी तिला दारातच परत पाठवते. शिकवण्याची तयारी असलेली कंपनी तिला घेऊ शकते. दुर्मिळ भाषेची बाजू घ्यायचीच तर मी ती या अंगाने घेईन.

आणि शिकवता येतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा भारतातल्याच संगणक कंपन्यांनी दिलेला आहे. कोबोल ही १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाठबळाने घडलेली, बँकांची आणि सरकारी कचेऱ्यांची भाषा. १९९० च्या दशकात सन २००० च्या तारखेचा प्रश्न समोर आला, तेव्हा जुना कोबोल कोड वाचून दुरुस्त करायला प्रचंड मनुष्यबळ लागणार होतं. ते तयार मिळण्यासारखं नव्हतं. मग आपल्या कंपन्यांनी स्थापत्य, यंत्र, रसायन अशा कुठल्याही शाखेचे पदवीधर घेतले, वर्गात बसवले, काही महिन्यांत कोबोल आणि मेनफ्रेम शिकवलं आणि कामाला लावलं. पुण्यात १९८१ पासून असलेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात जुना कोड तपासण्या-बदलण्याची साधनं घडली. हजारो मराठी घरांत पहिला पासपोर्ट आला तो या कामामुळे. ज्यांनी संगणक पाहिलाही नव्हता अशांना एका पिढीने भाषा शिकवून दाखवली. तोच उद्योग आज चांगल्या इंजिनिअरांच्या बाबतीत ‘त्या भाषेची माणसं मिळत नाहीत’ म्हणतो, तेव्हा मला ते मान्य करता येत नाही.

मग तो असं का म्हणतो? कारण त्याचा धंदाच माणसांच्या महिन्यांवर चालतो. ग्राहकाला बिल लागतं ते डोक्यांच्या संख्येवर. एक गेला तर बेंचवर, म्हणजे कामाविना बसलेला दुसरा सोमवारी त्याच्या जागी बसला पाहिजे. प्रकल्प संपला की त्याला भलत्याच प्रकल्पावर नेता आलं पाहिजे. अशा व्यवस्थेत जी भाषा सगळ्यांना येते तीच स्वस्त, हे गणित बरोबरच आहे. चूक होते ती हे गणित जिथे लागू नाही तिथे नेल्यावर. स्वतःचं उत्पादन असणारी, कमी माणसांत जास्त काम करू पाहणारी, तीच माणसं पाच-सात वर्षं टिकवू पाहणारी कंपनी वेगळी. तिने मोठ्या सेवा कंपनीचा भरतीचा तक्ता उचलून आपल्या बैठकीत ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या धंद्याचा खर्च आपल्या वहीत लिहिणं आहे.

कोबोलची पुढची कहाणी या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे बेकार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, आणि न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन करावं लागलं. एके काळी जिची माणसं सगळ्यात जास्त, तीच भाषा दुर्मिळ झाली होती. ‘सगळे वापरतात’ म्हणून निवडलेली गोष्ट चाळीस वर्षांनी सगळे वापरत असतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्याच महिन्यात आयबीएम आणि ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टने कोबोलचं मोफत शिक्षण जाहीर केलं. भाषा शिकवण्याचं काम असं पटकन सुरू करता आलं. पण त्या यंत्रणेत दशकानुदशकं साचलेले नियम समजून घेणारी माणसं अशा जाहीर आवाहनाने तयार होत नाहीत. संस्थेने शिकवणं थांबवलं की प्रसिद्ध भाषाही तिच्या हातात अनोळखी होते.

मालकी बदलते तेव्हाही हेच घडतं. ग्रॅहम आणि त्यांच्या मित्रांनी १९९५ मध्ये व्हायावेब ही ऑनलाइन दुकानं बांधून देणारी कंपनी लिस्पमध्ये उभी केली. लिस्पमुळे आपण स्पर्धकांपेक्षा वेगाने नव्या सुविधा देऊ शकलो, असं ते पुढे आग्रहाने लिहीत राहिले, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. १९९८ मध्ये याहूने कंपनी घेतली. काही वर्षांनी तो कोड सी प्लस प्लस आणि पर्लमध्ये नव्याने लिहिला गेला. संस्थापकांच्या दृष्टीने निवड बरोबर ठरली होती, कारण तिने त्यांना विक्रीच्या दिवसापर्यंत नेलं. याहूने मात्र ती भाषा पुढच्यांना शिकवत राहण्याऐवजी कोडच बदलला.

आता या हिशेबात एक नवा घटक आला आहे. कोड लिहून देणारी यंत्रं सार्वजनिक कोड वाचून तयार होतात, आणि तो कोड पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये अफाट आहे, ओकॅमल किंवा एर्लांगमध्ये तुलनेने थोडा. त्यामुळे ‘माणसं मिळतील का’ याच्या जोडीला ‘यंत्राला येते का’ हा प्रश्न बैठकीत यायला लागला आहे, आणि गर्दीच्या भाषांकडचा ओढा त्याने वाढेल. पण यंत्राने लिहिलेल्या कोडची जबाबदारी शेवटी वाचणाऱ्या माणसावर असते. लिहिणं स्वस्त होईल तसं वाचणं आणि तपासणं महाग होईल, आणि चूक आधीच अडवणाऱ्या भाषांचं मोल त्या बाजूने वाढायला हवं. कंपन्या हे ओळखतील का, याबद्दल मला शंका आहे. सोपी संख्या पुन्हा एकदा अवघड विचाराची जागा घेईल, अशी भीती वाटते.

या सगळ्यात एका माणसाचा हिशेब कोणीच मांडत नाही: जो ती भाषा शिकतो त्याचा. गोल्डमन सॅक्सची स्लँग ही भाषा त्या कंपनीबाहेर कुठेही वापरात नाही. अशा भाषेत पाच वर्षं घालवलेल्या इंजिनिअरचा सीव्ही भरतीच्या संगणकाला रिकामा दिसतो, कारण तो ‘जावा, पाच वर्षं’ हे शब्द शोधत असतो. घराचा हप्ता, आई-वडिलांचं आजारपण, मुलांची शाळा असलेल्या माणसाने अशा भाषेला नकार दिला तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार कोणाला नाही. कंपनीला दुर्मिळ भाषेचा फायदा हवा असेल, तर तिच्यामुळे येणारा धोका फक्त कर्मचाऱ्याच्या गळ्यात टाकणं अन्यायाचं आहे. शिकण्याचे महिने पूर्ण पगारी कामाचे धरावेत, ते माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात उणे म्हणून येऊ नयेत, कंपनीने लिहिलेली साधनं शक्य तिथे त्या माणसाच्या नावासह खुली करावीत, आणि भाषा सोडायचं कंपनीने ठरवलं तर दुसरी शिकायला तेवढाच पगारी वेळ द्यावा. भाषा निवडण्याच्या बैठकीत एचआरने जावाच्या उमेदवारांची संख्या आणावीच. तिच्या शेजारी या चार गोष्टींचा खर्चही मांडावा, आणि तो मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्याच कागदावर घ्यावी.